सिंह नदीच्या पलीकडे होता

सुमन गेली तो सोमवार होता. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने नाना आफ्रिकेला जाणार होते. गाडी गेली. नाना गेले नाहीत.

सुमन माझी पत्नी. नाना आमचे शेजारी, परभणीत स्टेशनजवळच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारे. मी एका वाचनालयाचा ग्रंथपाल. मला बोलायला फारसं लागत नाही आणि नानांना गप्प बसणं जमत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. त्या सोमवाराबद्दल लिहायचं म्हणून मी बरेच दिवस कागद पुढे घेऊन बसतो आहे. पण नानांचं काहीही सांगायचं तर सुरुवात चपलांपासून करावी लागते.

नाना लग्नाला गेले, बारशाला गेले, देवळात गेले, तरी आधी दाराशी वाकायचे आणि तिथली एकेक चप्पल उचलून, उलटी करून, जमिनीवर आपटायचे. नुसती स्वतःची नव्हे, सगळ्यांची. आफ्रिकेत दोन वर्षं काढल्यापासून ही सवय. तिकडे बुटात विंचू निघतात. चारठाण्याला, म्हणजे त्यांच्या मूळ गावी, पुतण्याचं लग्न होतं. तिथे मुलीकडच्या मंडळींनी त्यांना दोन हातांत दोन वेगवेगळ्या चपला घेतलेलं पकडलं.

"काय करायलाव हो?"

"विंचू बघायलोय."

"सापडला का?"

"अजून न्हाई. अजून लय चपला ऱ्हायल्यात."

शेवटी नवरदेव मुंडावळ्या सावरत आला आणि म्हणाला, हे माझे काका आहेत, चोर नाहीत. परत येताना बसमध्ये सुमनने विचारलं, "नाना, आजवर एकतरी विंचू निघाला का?"

"न्हाई."

"मग?"

"आपटतो म्हणून न्हाई निघत, वहिनी. न आपटता बघा एकदा."

तेव्हापासून आम्ही दोघं घरात चपला आपटूनच घालू लागलो.

नाना गणिताचे मास्तर. लग्न केलं नाही. घरात विधवा मोठी बहीण, त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते. नाना निवृत्त झाले त्याच सुमारास आमच्या वाचनालयात एका सेवासंस्थेचे स्वामी व्याख्यानाला आले होते. पूर्व आफ्रिकेत त्यांची आश्रमशाळा होती. राहायला खोली मिळेल, दोन वेळ जेवण मिळेल, पगार नाही. पण गणित शिकवायला कुणी येईल का, असं त्यांनी विचारलं. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे सतरंजीकडे बघू लागले. नानांनी हात वर केला.

"का हो गेलात?" असं मी त्यांना पुढे विचारलं होतं.

"स्वामी लय येळ वाट बघायलते. बरं दिसंना ते."

नानांची माय तेव्हा चारठाण्याला धाकट्या मुलाकडे असायची. तिला सांगायला गेले. तिने विचारलं, "नांदेडच्या पुढं हाय का?" नाना म्हणाले, पुढं हाय. "मग मुक्काम पडंल," माय म्हणाली, आणि तिने मुक्कामापुरत्या भाकरी बांधून दिल्या.

तिकडच्या पहिल्या आठवड्यातच नानांना एक शोध लागला. आश्रमाच्या चारी बाजूंना ज्वारी उभी होती. आमच्यासारखीच, कणसं जरा लाल. "ज्वारी हाय, चूल हाय, पानी हाय, अन् भाकर न्हाई! पीठ उकळत्या पान्यात हाटायलेत अन् गोळे करून खायलेत! मंग माझ्या ध्यानात आलं, मला हितं कशापायी धाडलंय."

गणित त्यांनी शिकवलं, पण आयुष्यातला खरा प्रचार केला तो भाकरीचा. शाळा सुटली की पोरांना ओळीने बसवून परातीत पीठ मळायला लावायचे. पहिल्या भाकरी तव्यावरच फुटल्या. ते तुकडे पोरांनी खाऊन टाकले आणि आणखी फोडा म्हणाली. स्वामींच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "मास्तर, आपण इथं संस्कार द्यायला आलो आहोत."

"भाकर म्हंजी काय मंग?" नाना म्हणाले.

पुढची गोष्ट त्यांनी स्वामींना सांगितली नाही, आम्हाला सांगितली. तिकडचे ते गोळे, त्याला ते उगाली म्हणतात, नानांना भाकरीहून जास्त आवडू लागले होते. पोरं भाकर खायची आणि मास्तर स्वयंपाकघराच्या मागे आचाऱ्याबरोबर उगाली खायचे. "दुसऱ्याला आपल्यात घ्यायला गेलो अन् मीच त्यांच्यात जाऊन आलो," असं ते म्हणायचे. परत आल्यावर त्यांनी आक्कांना उगाली करून घातली. आक्कांनी एक घास खाल्ला. "ही घट्ट आंबील हाय," त्या म्हणाल्या. "ताक घालायचं इसरलास तू."

परदेशातल्या सेवेतली सुखं आणि धोके या विषयावर नानांनी जिल्हाभर व्याख्यानं दिली. बोलावलं तिथे गेले, न बोलावलं तिथेही गेले. सुखं पाच मिनिटांत संपत. धोक्यांना तास लागे. हिवताप, साप, पुरात वाहून गेलेला पूल, आणि शेवटी सिंह. पहिल्या व्याख्यानात, आमच्याच वाचनालयात, सिंह नदीच्या पलीकडे होता आणि नुसता आवाज आला होता. जिंतूरला तो नदी उतरून अलीकडे आला. पिंगळीच्या शाळेत तो विहिरीवर पाणी प्यायला. पूर्ण्याला खोलीच्या ओसरीवर येऊन बसला. सेलूला तर त्याने मच्छरदाणीला नाक लावून श्वास सोडला, तो गरम होता आणि त्याला वास येत होता.

सुमनला हे सगळं फार आवडायचं. रोज चार वाजता ती तीन कप चहा टाकायची. नाना आमच्या दाराशी चपला आपटून आत येत आणि ती विचारायची, "नाना, सिंह कुठवर आला?"

"ओसरीपस्तोर."

"आता पुढच्या वेळी आमच्यात चहाला घेऊन या. अर्धा कप वाढवते."

नाना हसत. ते फार मोठ्याने हसत, भिंतीपलीकडून आक्का विचारत, "काय झालं रे?"

याच काळात विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन चालू होतं. एकदा शहर बंद होतं, बस नव्हत्या, खेड्यांतून दलित वस्त्यांतली घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. वाचनालयाच्या पायऱ्यांवर मंडळी बसली होती. कुणीतरी विषय बदलावा म्हणून चेष्टेने म्हणालं, "काय नाना, सिंहाच्या मुलखात दोन वर्षं ऱ्हायलाव, भेव न्हाई वाटलं?"

नाना म्हणाले, "सिंह भूक लागल्याबिगर कुनाच्या वस्तीत शिरत न्हाई."

त्यानंतर बरेच दिवस कुणी सिंहाची चेष्टा केली नाही.

परत आल्या दिवसापासून नानांना पुन्हा जायचं होतं. स्वामींच्या बोलावण्याची त्यांनी चार वर्षं वाट पाहिली. ट्रंक पलंगाखाली भरलेली असायची. तिच्यात एक लोखंडी तवा होता, कारण तिकडचे तवे पातळ. "पोरं मोठी झाली असतील," ते म्हणायचे. "भाकर थापायची इसरली असतील. अन् जुमा हाय." जुमा म्हणजे आश्रमाचा राखणदार. त्याच्याविषयी नाना एवढंच सांगत, की जुमा हाय. सगळ्या गोष्टी फुलवून सांगणारा माणूस या नावापाशी थांबायचा.

अखेर बोलावणं आलं. नानांनी परदेशासाठीची लस टोचून घेतली, मुंबईचं तिकीट काढलं. सुमनने त्यांना लसणाची चटणी करून दिली आणि बजावलं, "यंदा सिंहाला हात लावून या." त्यानंतर आठ दिवसांनी, त्या सोमवारी, दुपारी तिच्या छातीत दुखू लागलं. रिक्षा येईपर्यंत ती माझ्याशी बोलत होती. दवाखान्यापर्यंत ती राहिली नाही.

त्या संध्याकाळचं मला नीट आठवत नाही. स्मशानात कुणीतरी माझ्या दंडाला धरून उभं होतं एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी कळलं की ते नाना होते.

"नाना, तुम्ही गेला नाहीत?"

"सुई बाधली. ताप भरलाय."

सकाळपासून ते आमच्या घरी पाण्याच्या घागरी वाहत होते. ताप भरलेला माणूस असं करत नाही, हे मला कळत होतं. पण तेव्हा कशाविषयीच विचारायची ताकद नव्हती.

तेरावा होईपर्यंत घरात माणसं होती. सगळी चांगली माणसं. प्रत्येक जण काहीतरी बोलत होता. देवाची इच्छा, नशिबात तेवढंच, आता स्वतःला सांभाळा. मी मान हलवत होतो. तेराव्याचं जेवण झालं, भांडी घासून झाली, नातेवाईक आपापल्या वाटेला लागले. चौदाव्या दिवशी दुपारी चार वाजता दाराशी चपला आपटल्याचा आवाज आला. माझी एकट्याचीच चप्पल होती आता. ती आपटून झाली. मग नाना आत आले, आपल्या खुर्चीवर बसले आणि बोलले नाहीत.

मला वाटलं, आता सुरू करतील. ते बसून राहिले. तासाभराने उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच.

जे नानांना ओळखतात त्यांनाच कळेल की ते काय करत होते. त्यांचा पाय हलायचा. तोंड उघडायचं आणि मिटायचं. एकदा "आमच्या तिकडं" एवढं निघून गेलं आणि त्यांनी तळहात तोंडावर दाबला. कपाळाला घाम यायचा. एखादा माणूस जड पोतं डोक्यावर घेऊन उभा असावा तसे ते बसलेले असायचे. मला त्यांची कीव यायची, आणि सुमन गेल्यापासून मला दुसऱ्या कुणाची कीव आली ती हीच पहिली. चौथ्या की पाचव्या दिवशी मी उठून चहा टाकला, निदान त्यांच्या तोंडाला काही काम मिळावं म्हणून. मला चहा करता येत नव्हता. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

एके सकाळी आक्का भाकरी घेऊन आल्या. मी म्हणालो, "आक्का, नानांचा ताप उतरला असेल आता. त्यांनी जायला हवं. तिकडे वाट बघत असतील."

आक्का भाकरी झाकता झाकता म्हणाल्या, "कशाचा ताप? त्याला कुत्रं चावलं तवा बी ताप आला न्हाई. निघायलता तो. ट्रंक दारात होती, मी हातावर दही घातलं. तेवढ्यात तुमच्या घरचा आरडाओरडा ऐकू आला. दही चाटलं बी न्हाई त्यानं. हात धुतला अन् म्हणला, आक्का, ट्रंक आत ने." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "स्वामींनी दुसरा मास्तर घेतला म्हनं. आता याला कोन बलावतंय?"

त्या दिवशी चार वाजता नाना आले. चपला आपटल्या, बसले. मी दोन कप चहा आणला. आमच्यात रोज विचारणारं जे माणूस होतं ते आता नव्हतं. मग मीच विचारलं.

"नाना, सिंह कुठवर आला?"

नानांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, चुकीचं विचारलं.

"सिंह दिसलाच न्हाई मला, वाचनालयवाले," ते म्हणाले. मला ते नेहमी वाचनालयवालेच म्हणतात. "नदीच्या पल्याड होता. आवाज आला निस्ता."

मग त्यांनी सांगितलं. तिकडे दुसऱ्या वर्षी त्यांना तार मिळाली, माय गेल्याची. तार पोचली तेव्हा इकडे तेरावाही होऊन गेला होता. तिकडे नानांच्या सुतकाचं कुणाला काय कळणार? स्वामी म्हणाले, आत्मा अमर आहे. आणि ते वर्गावर गेले. नाना खोलीच्या पायरीवर बसून राहिले. जुमा आला आणि शेजारी बसला. त्याला नानांची भाषा येत नव्हती, नानांना त्याच्या भाषेतले चार शब्दच. दुसऱ्या दिवशी आला, बसला. तिसऱ्या दिवशी आला. त्यांच्यात तसंच करतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्यापाशी जाऊन बसतात. एका संध्याकाळी नदीपलीकडून सिंहाचा आवाज आला. नाना दचकले. जुमाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सिंहाकडे लक्ष दिलं नाही.

"सिंह म्हणून जो सांगतो ना मी," नाना म्हणाले, "तो एवढाच हाय."

"मग तुम्ही गेला का नाहीत? जुमा वाट बघत असेल."

"तिकडचं काम सोपं हाय हो. तिकडं लोकान्ला बसता येतंय. हितं बोलल्याबिगर कुनाला बसायला येत न्हाई." त्यांनी मिशा पुसल्या. "मला बी येत न्हाई. लय तकलीफ झाली बघा मला."

मी हसलो. भिंतीपलीकडून आक्कांनी विचारलं, "काय झालं रे?"

याला आता काही वर्षं झाली. नानांना पुन्हा बोलावणं आलं नाही. तवा त्यांनी ट्रंकेतून काढून आक्कांना दिला. व्याख्यानं अजून देतात, आणि परगावी सिंह अजून ओसरीवर येतो, क्वचित आतही. माझ्याकडे मात्र तो नदीच्या पलीकडेच असतो.

सुमन नाही. चार वाजता दाराशी चपला आपटल्याचा आवाज येतो. मी दोन कप चहा टाकतो. तो आता बरा होतो.