समोरचे दोन्ही गेले

थकलेल्या माणसाने लिलावाला जाऊ नये. मी गेलो आणि सरकारी जीप घेऊन आलो. चारही चाकांना जोर, डोंगर चढणारी! (मी ऑफिसचा जिनाही मध्ये एकदा थांबून चढतो.)

चार वर्षं ती जीप अहेरीत घर ते ऑफिस आणि ऑफिस ते बाजार एवढीच फिरली. म्हणून मी एक लहानसा निर्णय घेऊन टाकला: जंगलची गाडी जंगलात जातच नाही, तर तिच्या धक्के झेलणाऱ्या शॉकपची सर्व्हिस कशाला? आलापल्लीचा मिस्त्री बिरजू दर वेळी बोनेट दाबून सोडायचा आणि हळहळायचा.

"प्रफुलभाऊ, तेल गळून राह्यलं. हे गेले समजा."

"अरे, मी डांबरी रस्त्यावर चालवतो."

"डांबर कुठी हाये, तेवढं दाखवा मले."

मी काम पुढच्या महिन्यावर ढकललं. असे बरेच महिने झाले.

मग एका बाजाराच्या दिवशी समोरच्या घरातल्या जाफरचाचा आणि सुरय्याचाचींना जीपमध्ये घेतलं. शाळेजवळच्या स्पीडब्रेकरवर चाची वरच्या ताडपत्रीला लागून खाली आल्या, त्या कमर धरूनच. तेव्हापासून त्यांनी माझ्या बायकोशी, रिनाशी, बोलणं टाकलं. वीस वर्षं वाटीने वाटी भाजी इकडून तिकडे जायची, ती थांबली. रिना समोरच्या दाराकडे बघत पोळ्या भाजायची, त्या करपायच्या, आणि मी त्या मुकाट्याने खायचो.

शेवटी ती म्हणाली, "तुमच्या डबड्यापाई माह्यी चाची तुटली. शॉकप बदलवा, नाई तर जीप विका."

सोमवारी जीप बिरजूकडे टाकली आणि बसने ऑफिसला आलो. निरोपासाठी आमचा पी.पी. नंबर दिला, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गुलाबभाऊंच्या किराणा दुकानाचा. गुलाबभाऊ तूरडाळ तोलता तोलता फोन घेतात. बिरजूचा फोनही त्यांनी कोणाचा ते न विचारताच घेतला आणि रिनाला येऊन सांगितलं, "समोरचे दोन्ही गेले. मागचे दोन उद्यापर्यंत जातीन."

नेमक्या त्याच सकाळी चाचा-चाची एस.टी.ने गोंडपिपरीला लेकीकडे गेले होते.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात अर्धी गल्ली. रिना पायरीवर बसून रडत होती.

"समोरचे दोघंही गेले हो!"

दिवसभर फायली उपसून माझा पार चोथा झाला होता. चपला काढत म्हणालो, "जाणारच होते. आज ना उद्या."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं.

"तुमाले काईच वाटत नाई?"

"वाटून काय करू? भार सोसवत नव्हता त्याइले. बिरजूले म्हणतो, भंगारात टाकून दे. नवी जोडी येऊन राह्यली नागपूरवरून."

गुलाबभाऊंनी दुःखाने काढलेली टोपी हातातून खाली पडली. तेवढ्यात मागच्या घरातला इसरू, तापाने फणफणलेला, घोंगडी गुंडाळून पुढे आला.

"भाऊ, मागचे दोन म्हंजे मी न माह्यी बायकोच ना? उद्या किती वाजता?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घसा खाकरून 'शॉकप' म्हणेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेतलेले जाफरचाचा दिसले आणि त्यांच्यामागे कमर धरून सुरय्याचाची. रिना धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली.

"चाची, तू गेली नाई!"

"गेली होती ना गोंडपिपरीले. आली वापस. काऊन रडून राह्यली, बेटा?"

अबोला आहे हे चाची विसरूनच गेल्या. दोघी मनसोक्त रडल्या. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले. मग गुलाबभाऊंनी मी काय काय बोललो ते चाचींना जसंच्या तसं सांगितलं. (आयुष्यात एवढाच निरोप त्यांनी नीट पोचवला.)

"भंगारात?" चाचींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

रविवारी त्या दोघींना घेऊनच जीप आणायला गेलो. बिरजूने बोनेट दाबून सोडलं.

"पाहा चाची, जीप एकदा वर आली न थांबली. तीनदा मान हालवली का समजा, शॉकप गेले."

येताना शाळेजवळचा स्पीडब्रेकर कधी गेला, तेही कळलं नाही. चाची हसल्या, आणि त्या रात्री समोरून वाटी आली. मी सुखाने पाट ओढला, तोच रिना म्हणाली, "आता तेल गळलं का तवाच दुरुस्ती करायची. पुढचा महिना म्हणायचं नाई. समजलं?"

मी मान हलवली.

वाटी घेऊन आलेल्या चाची दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मानेकडे टक लावून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"तीनदा हालली, रिना. याचे तं कवाचेच गेले."