एकट्या राजाची मात

मात केली की दिगंबरकाका आधी समोरच्या राजाची माफी मागत. "माफ करना, हुजूर," म्हणत त्या लाकडी राजाला दोन्ही हातांनी पटावर निजवत आणि मग हरलेल्या माणसाकडे बघत. तोवर तो माणूस चप्पल घालून निघालेला असे.

बरकतपुऱ्यात ते आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहत. कोर्टातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत. त्या काळी गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि घरोघरी कोणी ना कोणी उडायच्या तयारीत होतं. काका मात्र माझ्या मुलीला, मंजिरीला, रोज संध्याकाळी बुद्धिबळ शिकवत. डाव सुरू कसा करायचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही. शिकवायची ती फक्त मात. "पत्ता ठाऊक नाही न् रिक्षात बसली, असं नक्को बेटा," म्हणायचे. मागच्या ओळीत हत्तीनं कोंडलेला राजा, आपल्याच प्याद्यांत अडकून घोड्याकडून मेलेला राजा, आणि सगळ्यांत इज्जतीची प्याद्याची मात. वजिरानं मात केली तर नाक मुरडत.

एक मात तेवढी त्यांनी शिकवलीच नाही. आपल्या देशी खेळात समोर नुसता राजा उरला की डाव बरोबरीत थांबतो, त्याला बुर्जी म्हणतात. काकांच्या लेखी हा कायदा होता. "एकट्याला काय मारायचं? शरीफ माणूस उठतो न् चहा मागतो."

व्हायचं तेच झालं. नारायणगुड्यात शाळांची स्पर्धा होती. शेवटच्या डावात मंजिरीकडे हत्ती शिल्लक आणि समोर नुसता राजा. आमच्या बाईसाहेबांनी ऐटीत बरोबरीसाठी हात पुढे केला. समोरच्या पोरीनं तो असा धरला की सोडेना. जिंकलेला डाव बरोबरीत गेला आणि जिल्ह्याच्या संघातली निवड हुकली.

मी तणतणत खाली गेलो. "काका, तिला आता नव्या कोचिंगला घालतो. तुमची बुर्जी बाहेर कुठे चालत नाही."

कोर्टातला माणूस, वाद घालतील असं वाटलं होतं. काकांनी पटावरच्या सोंगट्या डब्यात भरल्या. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पोरीचं नुकसान झालं. तेवढी एक मात शिकवतो, मग घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीही जाऊन बसलो. काकांनी मंजिरीला राजा आणि हत्ती दिला, स्वतःकडे नुसता राजा ठेवला. हत्तीनं कुंपण घालायचं, आपला राजा जवळ आणायचा, कुंपण आवळत त्याला कडेला न्यायचं. काका शांतपणे सांगत होते आणि त्यांचाच राजा एकेक घर मागे सरकत होता. मला ते बघवेना. त्या घरात दिवसभरात येणारं माणूस एकच होतं, आणि तिला ते स्वतःच्या हातानं वाटेला लावत होते.

राजा कडेला लागला. आता एक चाल आणि मात, मलासुद्धा दिसली. मंजिरी पटाकडे बघत राहिली. मग तिनं हत्ती उचलला आणि भलत्याच घरात नेऊन ठेवला.

"चुकलीस बेटा," काका म्हणाले.

"हौ आजोबा. मला नाही जमत हे. उद्या परत सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोचिंगवाल्याशी अजून बोललो नाही मी," मी म्हणालो.