वर केलेला हात

पंचाच्या मनगटाला प्लास्टर लागलं आणि सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. कर्णबधिरांच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये पंचाचा हात मोडणं म्हणजे त्याचा आवाजच बसणं. शिट्टी फुंकली तरी ती ऐकणार कोण? सगळे निकाल हाताने, आणि सामना त्याच दुपारी.

"त्याला बोलावू या," लेक हातांनी म्हणाली. घरातले तिघेही हातांनीच बोलत. "चौकात उभं राहून हात हलवायचाच तर पगार मिळतो त्याला."

'तो' म्हणजे ट्रॅफिक हवालदार. लेकीला लग्न करायचं होतं ते त्याच्याशीच. सुताराने रंधा खाली ठेवला आणि तळहात उभा केला. लग्नाचा विषय निघाला की तो असाच हात वर करी आणि बोलणं तिथेच संपे.

"लग्नाचं नाही म्हणत मी. पंच म्हणून म्हणतेय."

"त्याचा स्वतःच्या हातावर ताबा नाही. परवा मला 'काका' म्हणायला गेला आणि भलतंच काहीतरी म्हणाला. बटाटा म्हणाला बहुतेक."

सुतारीणबाईंनी इस्त्री उभी ठेवली. "दुसरा कोणी आहे?" दुसरा कोणी नव्हता.

खरं तर हवालदार कानाने ऐकणारा, हीच सुताराची भीती होती. ऐकणाऱ्यांच्या घरात सगळे तोंडाने गप्पा मारणार आणि आपली लेक कोपऱ्यात गप्प बसणार, या विचाराने त्याचा जीव तुटायचा.

लीगचे नियम सुतारानेच केले होते आणि प्लायवर रंगवून मैदानाच्या कुंपणाला ठोकले होते. कानातली यंत्रं आत येण्यापूर्वी बिस्किटांच्या डब्यात ठेवायची, म्हणजे कोणाला जास्तीचा कान नको. ऐकणाऱ्याने कापसाचे बोळे घालायचे. पंचाने हात वर केला की खेळ बंद आणि चालू फटका रद्द. शेवटी ठळक अक्षरांत: एकदा वर गेलेला हात मागे घेता येणार नाही. हा नियम करावा लागला, कारण पंचाशी सर्वांत जास्त हुज्जत सुतारच घालायचा.

कानात बोळे घालून हवालदार उभा राहिला आणि बराच वेळ त्याने कामगिरी चोख बजावली. मग सुतार बॅट घेऊन आला. लीग काढल्यापासून त्याला एक होमरन, म्हणजे एकाच फटक्यात सगळ्या बेसची फेरी, हवा होता आणि तो काही होत नव्हता. त्या दिवशी मात्र चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि पार टोकाच्या कुंपणाकडे घरंगळत सुटला. सुतार पोट सावरत धावला. पहिला बेस, दुसरा, तिसरा.

नेमका त्याच वेळी कुंपणापलीकडच्या बोळातून गाद्यांनी भरलेला ट्रक रस्त्यावर घुसला. समोरून सायकलवर एक आजोबा येत होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हवालदाराचा हात वर गेला.

ट्रक थांबला. आजोबा वाचले. मैदानही थांबलं. सुतार तिसऱ्या बेसच्या पुढे एक पाय उचलून उभा राहिला. हवालदाराने ट्रकला मागे जाण्याची खूण केली, तसा सुतारही नाइलाजाने एकेक पाऊल मागे सरकू लागला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हात ट्रकसाठी होता!" तो हातांनीच ओरडला. "तो धरायचा नाही!"

समोरच्या संघाचा कप्तान बेकरीवाला होता. त्याने शांतपणे प्लायवर बोट ठेवलं. "अक्षर तुझंच ना?"

फळीवर बसलेली लेक उठून आली. "बाबा, वर गेलेला हात मागे घेता येतो की नाही, ते एकदाच ठरवा. त्याचा घेता येत असेल, तर तुमचा सकाळचाही घेता येईल."

बेकरीवाल्याला गंमत वाटू लागली. "दोन्ही हात मागे घेणार असशील तर आमची हरकत नाही. लग्नाला मात्र बोलवायचं."

सुताराने लेकीकडे पाहिलं, मग लांब कुंपणाशी पडलेल्या चेंडूकडे. तेवढ्यात हवालदार घाम पुसत समोर आला. एकेक बोट जपून हलवत तो म्हणाला, "चूक माझी, काका. खेळात हात मध्ये आणला." या वेळी 'काका' बरोबर आलं होतं. बाकीचंही आलं होतं. ते त्याने रोज रात्री बसून घोटलं असणार, हे कोणालाही दिसलं असतं. सुताराला एकदम भरून आलं.

त्याने आपला तळहात उभा केला आणि दुसऱ्या हाताने धरून खाली ओढला. होमरन मिळाला.

खेळ पुन्हा सुरू झाला. पुढची पाळी सुतारीणबाईंची होती. काय ठरलं ते हवालदाराच्या अजून नीट लक्षात आलं नव्हतं, म्हणून लेक फळीवरून त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावत होती. तिकडे सुतारीणबाईंनी बॅट फिरवली आणि चेंडू नवऱ्याच्या फटक्यापेक्षाही लांब गेला. त्या धावत सुटल्या.

नेमकं तेव्हाच हवालदाराला समजलं. आनंदाने त्याने दोन्ही हात वर केले.

सगळं मैदान थांबलं. रस्त्यावरचा ट्रकही पुन्हा थांबला. सुतारीणबाई सावकाश मागे आल्या, खाली पडलेली बॅट उचलली आणि होणाऱ्या जावयाकडे चालू लागल्या. लग्नाबद्दल त्यांना अजून कोणी विचारलंच नव्हतं.