टिटवीची उंची

केज रस्त्यावरच्या आमच्या विद्यापीठ परिसरातील प्रत्येक जीव यापुढे सुरक्षित राहील, असा ठराव जैवविविधता समितीने एकमताने मंजूर केला. तो जीवांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी प्राणिशास्त्राचे डॉ. योगीराज यांच्यावर आली.

पहिला लाभार्थी लगेच मिळाला. ऐन मे महिन्यात मैदानाच्या खोलगट कोपऱ्यात टिटवीने चार अंडी घातली होती. सरांनी भोवती दोरी बांधली, 'अंड्यांना हात लावू नये' अशी पाटी रोवली आणि जैवविविधता महोत्सवाचे उद्घाटन तिथेच ठेवले.

शेळ्या हाकत चाललेला हरिबा दोरीपाशी थांबला.

"सर, टिटवीनं लई खाली अंडी घातली. औंदा पाऊस न्हाई."

"हरिबा, ही अंधश्रद्धा आहे," सर म्हणाले, आणि बाजूला जाऊन त्यांनी घरी फोन केला, की सोयाबीनचं बी एवढ्यात घेऊ नका.

दुपारपर्यंत बातमी बाजारात पोहोचली. उद्घाटक नेत्यांचे बियाण्यांचे दुकान होते. दुष्काळाशेजारी उभे राहून आपण फोटो काढणार नाही, असा त्यांचा निरोप आला. कुलगुरूंनी तातडीची बैठक घेतली.

"अंडी उंचावर ठेवा."

"साहेब, हात लावता येत नाही. आपलाच ठराव आहे," योगीराज सर म्हणाले.

"मग अंड्यांना हात लावू नका. मैदान खाली घ्या."

ठरावात मैदानाचा उल्लेख नव्हता. जेसीबीचा चालक बंकट यंत्र घेऊन आला आणि अंड्यांभोवतीची जमीन खणू लागला. टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली.

"सर, ही काहून एवढी कावलीय?"

"विकासाला सुरुवातीला विरोध होतोच. तू खण."

संध्याकाळी अंडी पुरुषभर उंच टेकाडावर होती. फेरपाहणीसाठी हरिबाला सन्मानाने बोलावले.

"आता कसं," तो म्हणाला. "आता लई पडतोय बघा."

पाटोद्याहूनसुद्धा जीपा भरून लोक आले. टेकाडासोबत फोटो काढायला रांग लागली. उद्घाटकांवर जेसीबीतून फुले उधळली गेली. परिसराला संवर्धनाचा पुरस्कार मिळाला.

पेरणी कधी करावी, हे विचारायला लोक अजून योगीराज सरांकडे येतात. त्या साली पाऊस पडला का, हे तुम्हालाही जाणून घ्यायचे असेल. पडला, नेहमीएवढा.

अंड्यांतून पिल्ले निघाली नाहीत.