पेशंटशी भांडणारे रशीदभाई

आमच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर रशीदभाई पेशंटशी भांडायचे. नातेवाइकांशी नाही, रस्त्यावरच्या गाड्यांशी नाही. मागे स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या माणसाशी.

मी तेव्हा नुकतीच डॉक्टर होऊन शेवगावला ॲम्ब्युलन्सवर लागले होते. गाडी नगरच्या रस्त्याला लागली की रशीदभाई मधली खिडकी सरकवून विचारायचे, "गाव कंचं?" गाव कुठलंही असो, त्यांच्याकडे खोट तयारच. सोनईचा निघाला तर, "सोनईवालं चहा पाजत न्हाईत, नुसतं 'घ्यायचा का' म्हनून इचारत्यात." पुणतांब्याचा निघाला तर, "गोदामाई उशाला, अन् आंघोळ सनासुदीला!" कण्हणारा माणूस कण्हणं विसरून गावाच्या इज्जतीसाठी उठून बसू बघायचा.

"रशीदभाई, प्रेशर वाढतंय त्यांचं!" मी ओरडायचे.

"वाढू द्या मॅडम. भांडतोय तवर हाय त्यो."

हे भांडण दवाखान्याच्या दारात संपायचं. स्ट्रेचर आत गेलं की ते गाडी वळवायचे. त्या माणसाचं पुढं काय झालं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. टपरीवर कुणी सांगायला लागलं तर चहाचा कप उचलून लांब जाऊन उभे राहायचे. "आपलं काम दारापर्यंत," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, माणूस गमतीचा, पण काळजाला घट्टे पडलेत.

मग एका दुपारी बाबुराव भेटले. जवळच्याच वस्तीवरचे, जन्मभर टेम्पो चालवलेले म्हातारे. छातीत कळ आलेली. सोबत त्यांची म्हातारी, पदर तोंडाशी धरून बसलेली. रशीदभाई खिडकी सरकवतायत तोच ऑक्सिजनच्या मास्कखालून आवाज आला, "क्लच जाळतोय ह्यो."

आरशात मला रशीदभाईंचा चेहरा दिसला. आजवर भांडण काढायचा मान त्यांचा होता.

"बाबा, केस पिकलं माजं स्टेरिंगवर!"

"उन्हानं पिकलं आसतील."

पुढं उसाची ट्रॉली आडवी आली.

"उजवीकडनं काढ की!"

"खड्डा हाय तिथं!"

"मला सांगतो व्हय? माज्या जलमाच्या आदीपास्नं हाय त्यो!"

म्हातारीला त्या अवस्थेतही हसू आलं.

करंजीचा घाट लागला आणि बाबुराव गप्प झाले. मी मनगट धरलं. नाडी जेमतेम लागत होती. मी घाईनं इंजेक्शन भरलं. मागचं भांडण थांबलेलं रशीदभाईंना लगेच कळलं.

"बाबा, गिअर कंचा टाकू?"

रशीदभाईंनी आरसा स्ट्रेचरकडे वळवला.

"बाबा! सांगा ना. सेकंड का थर्ड?" कधी कुणाचा सल्ला न घेणारा माणूस अक्षरशः विनवत होता.

मी इंजेक्शन दिलं आणि पुन्हा मनगट धरलं. मग मास्क किंचित हलला. "सेकंड... येड्या."

नगरला स्ट्रेचर आत गेलं, पण रशीदभाईंनी गाडी वळवली नाही. स्वच्छ काच पुन्हा पुन्हा पुसत राहिले. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, जरा इचारून येता का?"

मी आत जाऊन आले. "धोका टळला म्हणतायत."

ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. "बायको गेली, लेक तिकडं सासरी. घरात बोलाया कुनी न्हाई मला. गाडीत भांडलं की मानूस आपलं वाटाया लागतं. मग त्यो ऱ्हायला का गेला, कसं इचारू?"

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. निघण्याआधी बाबुरावांची तब्येत बघायला वस्तीवर गेले. अंगणात कडुलिंबाखाली त्यांचा जुना टेम्पो उभा होता, चाकं मातीत रुतलेली. स्टिअरिंगमागे बाबुराव ऐटीत बसले होते. शेजारच्या सीटवर रशीदभाई, खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेले.

मी हाक मारणार, तोच बाबुरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"सुट्टी आसली की येतो," ते कुजबुजले. "घटकाभर भांडतो अन् झोपतो. घरी म्हनं डोळा लागत न्हाई."

म्हातारी चहा घेऊन आली. रशीदभाईंकडे पाहून तिनं एक कप तसाच माघारी नेला आणि चुलीपाशी झाकून ठेवला.