राजकन्येला डोळा लागला

महिला दिनाच्या नाटकात राजपुत्र राजकन्येला उठवणार नाही, हे सुमित्राबाईंनी पक्कं ठरवलं होतं. सालेकशाजवळच्या त्या गावात त्या अंगणवाडी चालवत. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट त्या दरवर्षी सांगत, आणि पोरं दरवर्षी नव्यानं डोळे मोठे करून ऐकत. पण आता २००८ साल लागलं होतं. बचत गटाच्या नाटकात कोणा परक्या राजपुत्रानं येऊन जागं करावं, हे त्यांना पटेना. त्यांनी शेवटच बदलला. राजकन्या आपली आपण उठते आणि राजपुत्राला म्हणते, "तू आपल्या घरी जाय, मले लय कामं हायत."

"मंग तो एवढ्या दुरून आला कायले?" मिशी चिकटवता चिकटवता धुरपतानं विचारलं. राजपुत्र तीच होती.

"आयकाले," सुमित्राबाई म्हणाल्या.

राजकन्या झाली होती शामकला, कारण तिला पाठांतर जमत नव्हतं आणि राजकन्येला वाक्य एकच होतं. मोहफुलांचे दिवस होते. सारं गाव पहाटेपासून रानात फुलं वेचून आलं होतं. अकराला येणारे तालुक्याचे साहेब दीडला आले, म्हणून आधी पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी. दोन वाजता पडदा उघडला, तेव्हा साहेबांसाठी आणलेला कूलर मंचाच्या कडेला घुमत होता. शामकला शालू नेसून खाटेवर आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले.

राजपुत्र आला. राजकन्या उठेना.

"शामकला, ऊठ!" पडद्यामागून सुमित्राबाई कुजबुजल्या. उत्तरादाखल बारीक घोरणं ऐकू आलं.

धुरपता घाबरली. "हे राजकन्ये, मले घरी जा म्हन ना वो!"

मांडवात हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सुशीलाबाई ओरडल्या, "अवो, त्यालेच उठवू द्या! जुनीच गोष्ट बरी होती!"

सुमित्राबाईंचं तोंड उतरलं. महिनाभराची मेहनत त्या घोरण्यात वाहून चालली होती. धुरपतानं नाइलाजानं हात पुढे केला, तोच शामकलाचा नवरा जीवनलाल उठून मंचावर आला.

"हात नोको लावू!" तो म्हणाला. खाटेजवळ उभा राहून तो बायकोकडे बघतच राहिला. "पंधरा वर्सं झाले लग्नाले. मी उठतो तं हे उठलेलीच रायते, मी झोपतो तं हे भांडेच घासत रायते. हिले झोपलेली मी आज पाहून रायलो. थोडा वेळ कोनी बोलू नका."

साहेबांनी मान डोलावली. मांडव गप्प झाला.

पण पहाटे उठलेला, पोटभर जेवलेला माणूस कूलरच्या आवाजात गप्प बसला की काय होतं? आधी सुशीलाबाईंची मान कलली. मग साहेबांची. रांगामागून रांगा झुकत गेल्या. धुरपता मंचाच्या पायरीवर लवंडली, अर्धी मिशी ओठावरून लोंबत होती. ओठांवर बोट ठेवून पहारा करणारा जीवनलालही बोटासकट झोपला. रानातून मोहाचा गोड, जड वास येत होता. लांब रुळांवरून एक मालगाडी गेली, तीही जणू पाय न वाजवता. गोष्टीत राजकन्येबरोबर अख्खा राजवाडा झोपतो, तो राजवाडा सुमित्राबाई आज उघड्या डोळ्यांनी पाहत होत्या. त्यांना हलावंसंही वाटेना.

तासाभरानं शामकलानं डोळे उघडले. उठून बसली आणि दचकली.

"बाई! काय झालं वो सगळ्याइले?"

"काही नाही. तुले कोनी उठवलं?"

"कोनीच नाही. आपसूक डोळा उघडला."

सुमित्राबाईंनी मोठ्या आशेनं मांडवाकडे पाहिलं. त्यांनी लिहिलेला शेवट आपसूक खरा झाला होता, आणि दोनशे माणसांत तो पाहणारं कोणी नव्हतं.

"उठवू का यायले?" शामकला शालू सावरत म्हणाली. "साहेबाची चाय राह्यली असन. मी मांडतो."

"तू बस. मी मांडतो," सुमित्राबाई म्हणाल्या.

"साहेबासाठी?"

"तुह्यासाठी."

शामकला खाटेच्या काठावर बसली. पडद्यामागे स्टोव्हचा आवाज सुरू झाला, तसे तिचे हात उगाच शालूच्या घड्या घालू लागले. मग तेही हळूहळू थांबले.