पंचेचाळीसचं घड्याळ

देवळाली कॅम्पात लढाईतल्या मनगटी घड्याळाचं वय चुकीचं सांगितलं, की ते बदलीचा अर्ज करतं आणि बरोबर सांगणाऱ्याकडे राहायला जातं. यात नवल काही नाही. अर्जाचा छापील नमुना आहे, आणि बाजाराच्या मागे त्यासाठी कचेरीही आहे, अकरा ते पाच.

मनोहर पाळद्यांच्या काळ्या तबकडीच्या घड्याळाने असा अर्ज केला, त्याची नोटीस मंगळवारी आली. 'प्रस्तावित मालक: यशवंत गायधनी' हे वाचलं आणि पाळद्यांचा घास तोंडातच राहिला.

"तरी मी म्हणत होतो, त्या गायधन्याला घरात घेऊ नकोस!" ते बायकोवर उखडले.

"मी घेतलं?" कुमुदताई म्हणाल्या. "घड्याळं दाखवायला तुम्हीच बोलावलंत. मिरवायची हौस कुणाला?"

ते खरंच होतं. पाळद्यांकडे लढाईतली तेवीस घड्याळं होती, पण जीव होता तो या एकावर. अकरा वर्षं रोज सकाळी सहाला ते त्याला स्वतः चावी देत, अंगात ताप असला तरी. आणि हा गायधनी आला, चहा प्याला, घड्याळ कानाशी धरलं आणि म्हणाला, "पाळदे, हे पंचेचाळीस सालचं नाही हो. त्रेचाळीसचं आहे." तेव्हापासून घड्याळाचं लक्ष उडालं, असं पाळद्यांचं ठाम मत होतं. गायधनी रस्त्याने खाकरत गेला की ते जरा जोरातच टिकटिकायचं, आणि इकडे पाळद्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, गायधनी खोटं बोलला होता का? नाही ना! तिथंच तर सगळी मेख होती. मागच्या झाकणावर पंचेचाळीस कोरलेलं होतं खरं. पण पलटणीतला कारागीर दहा घड्याळं एकदम उघडायचा, झाकणं एका ताटात टाकायचा आणि परत बसवताना हाताला येईल ते बसवायचा. झाकणावरचं साल हे त्या झाकणाचं. घड्याळाचं साल आतल्या यंत्राच्या नंबरावरून काढायचं असतं, आणि तो नंबर पाळद्यांनी दुसऱ्याच वर्षी भिंगाखाली वाचला होता. पण तोवर नाशिकला घड्याळं जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात पंचेचाळीस म्हणून छातीठोक सांगून झालेलं. पुढे कधीतरी सुधारू, सुधारू म्हणता म्हणता हा बाबा येऊन बोलून गेला.

"गुरुवारी सुनावणीला जा आणि त्रेचाळीस सांगून मोकळे व्हा," कुमुदताई म्हणाल्या. "एका शब्दाचं तर काम."

गुरुवारी कचेरीत वयनिश्चिती अधिकारी बोराडेबाईंनी घड्याळ टेबलावर लाल कापडावर ठेवलं, ते हजर असल्याची नोंद केली आणि नियम वाचून दाखवला. आधी मालकाने वय सांगायचं. बरोबर असेल तर घड्याळ चालू राहील आणि अर्ज निकाली निघेल. चूक असेल तर घड्याळ थांबेल आणि प्रस्तावित मालकाला विचारलं जाईल.

"अर्जदाराची तुमच्याबद्दल तक्रार नाही," बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "लिहिलंय, चावी वेळेवर मिळते, हात ऊबदार आहे, जायची इच्छा नाही. वय तेवढं खरं सांगावं, ही विनंती."

उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर, असं वाटून पाळद्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्रेचाळीस अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून गायधनी हळूच म्हणाले, "सांगून टाका हो पाळदे, त्रेचाळीस. मला नकोय तुमचं घड्याळ."

केवढा तो मोठेपणा! पाळद्यांच्या कानशिलापर्यंत आग गेली. आता त्रेचाळीस म्हणायचं म्हणजे याची री ओढायची. म्हणजे रोज सकाळी सहाला चावी द्यायची ती याने सांगितलेल्या सालाला.

"पंचेचाळीस," पाळदे म्हणाले.

घड्याळ थांबलं.

बोराडेबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट मोजलं. "आणखी एक संधी असते," त्या म्हणाल्या. "विचार करून सांगा."

"पंचेचाळीस. लिहा तुम्ही."

मग गायधनींना विचारलं गेलं. त्यांनी मान खाली घालून त्रेचाळीस सांगितलं, घड्याळ चालू लागलं आणि बाईंनी शिक्का मारला. या घड्याळांच्या पट्टा अडकवायच्या दांड्या पक्क्या असतात, म्हणून पट्टा आरपार ओवलेला असतो. तो बाईंनी सरकवून काढला. "हा तुम्ही घेतलेला. हा तुमच्याकडेच राहील."

पाळद्यांनी सही केली, नुसता पट्टा मनगटाला बांधला आणि गायधनींकडे न बघता ते चालत घरी आले.

कुमुदताई ओट्याशी होत्या. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "आलात? किती वाजले? पानं घेऊ का?"

पाळद्यांनी सवयीने मनगट वर केलं, बराच वेळ बघितलं.

"गायधन्याला विचार," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.